दिवेलागणीचा प्रश्न

परशरामनं कॉम्प्युटर घेतला तो लेकीसाठी. प्रियदर्शनी बेंगळूरला नोकरीला होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातवा महिना लागला की ती वडगावला येणार होती, आणि रजा सुरू होईपर्यंत घरूनच काम करणार होती. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणं आता तिला जमत नव्हतं. म्हणून तिनं फोनवर सांगितलं, "आप्पा, टेबलावरचा घ्या. आणि त्याला राखण, म्हंजे सिक्युरिटी, नीट पाहिजे हं. आमची कंपनी त्याशिवाय काम करू देत न्हाय."

घरात पुढं दोन खोल्या, मागं चार पॉवरलूम. बाई म्हणून कोणी नव्हती. बायको मंगलला जाऊन वर्ष होत आलं होतं. परसात कपडे वाळत घालताना पडली, ती उठली नाही. लेकीचं बाळंतपण बाईविना कसं निभायचं, ही काळजी परशरामला रात्रंदिवस होती. समोर राहणाऱ्या राजाबाईंनी "मी हाय की रं" म्हणून धीर दिला होता. तरी तो एकेक गोष्ट लेक यायच्या आत नीट करून ठेवत होता. न्हाणीतली फरशी घासून घेतली, जिन्याला कठडा बसवला, मागच्या दाराची कडी बदलली. कॉम्प्युटरची राखण हे त्यातलंच एक काम होतं.

खासबागेत सौरवचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पस्तिशीचा, बोलका माणूस. त्यानं समजावून सांगितलं.

"आण्णा, हे बघा. अँटीव्हायरस म्हंजे आत घुसलेला किडा शोधून मारणारा. फायरवॉल म्हंजे दारावरचा गुरखा. कोण आत येतंय, कोण भाहेर जातंय, सगळं बघणार. आता गुरख्यात दोन जाती हाईत. एक गप बसून आपलं आपणच ठरवतोय. दुसरा दर टायमाला मालकाला विचारतोय, ह्याला आत सोडू का न्हाय."

"कुठला घेत्यात लोकं?"

"गप बसणारा. रोज उठून कोण उत्तरं देत बसतंय?"

परशरामनं दुकानातूनच लेकीला फोन लावला. तीही तेच म्हणाली, "न विचारणारा घ्या आप्पा. तुमच्या डोक्याला ताप नको."

परशरामनं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "विचारणारा दे."

सौरव हसला. "का वो?"

"असू दे. मराठीत विचारंल न्हवं?"

घरात आता त्याला कोणी काही विचारत नव्हतं. चहा टाकू का, मागचं दार लावलं का, उद्या भाकरी करू का चपाती. ही गोष्ट दुकानात सांगण्यासारखी नव्हती.

सौरवनं दुसऱ्या दिवशी येऊन सगळं बसवलं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ टेबल, त्यावर कॉम्प्युटर, भिंतीवर वायफायचा डबा. लाईट गेली तरी थोडा वेळ चालावा म्हणून खाली बॅटरी.

दिवेलागणीला माग जरा वेळ बंद ठेवायचे, ही मंगलची शिस्त होती. पुढचं दार सताड उघडायचं, मागचं लावून घ्यायचं, देवापुढं दिवा लावायचा. आणि त्या वेळी दारात जो कोणी उभा असेल त्याला नाही म्हणायचं नाही. भाजीवाली असो की पत्ता चुकलेला माणूस असो, आत ये, बस, म्हणायचं. ती गेल्यावरही परशरामनं ही रीत मोडली नव्हती.

माग थांबले की कानात एक पोकळी होते. दिवसभराची खटखट एकदम तुटते आणि आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. त्या शांततेत टेबलावरून टुंग असा आवाज आला. परशराम वात सारून उठला. पडद्यावर लहानशी चौकट होती.

'अनोळखी उपकरण घरात येऊ पाहत आहे. येऊ द्यायचे का?'

खाली होय आणि नाही.

त्यानं सौरवला फोन केला. "शेजारच्याचा मोबाईल असंल आण्णा," सौरव म्हणाला. "तुमचं वायफाय फुकट गावतंय का बघत असणार. न्हाय म्हणा, सुटला विषय."

परशरामनं नाही दाबलं. कोणीतरी विचारलं आणि आपण उत्तर दिलं, याचं त्याला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी माग थांबल्यावर पुन्हा टुंग वाजलं.

'ओळखीचे उपकरण घरात येऊ पाहत आहे. येऊ द्यायचे का?'

कालचं अनोळखी आज ओळखीचं कसं झालं, हे त्याला कळेना. यंत्राशी त्याचा जन्म गेला होता. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, तुटल्याशिवाय थांबत नाही. यंत्र कारणाशिवाय काही करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं नाही दाबलं आणि सकाळी सौरवला बोलावून घेतलं.

सौरवनं वायफायचा पासवर्ड बदलला. अँटीव्हायरसकडून सगळा कॉम्प्युटर तपासून घेतला. किडा एकही निघाला नाही. मग त्यानं फायरवॉलची जुनी विचारणा काढून पाहिली आणि मान खाजवली.

"जे कोण येतंय त्याचा नंबर दिसायला पाहिजे आण्णा. प्रत्येक वस्तूला नंबर असतोय. हितं रिकामंच हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे भाहेरनं कोण आलेलंच न्हाय. आणि ओळखीचं, अनोळखी, असली भाषा ह्या प्रोग्रॅममध्ये न्हाय वो. मी रोज बसवतोय की." मग उगाच हसून म्हणाला, "तुमचं घरच विचारूलालंय म्हणायचं. बदलून दुसरा टाकू का? गप बसणारा?"

"ऱ्हाऊ दे," परशराम म्हणाला.

चहा न घेताच सौरव निघाला.

त्या संध्याकाळी गल्लीची लाईट गेली. माग आपोआपच थांबले. वायफायच्या डब्यावरचे हिरवे ठिपके विझले. परशराम काडेपेटी शोधत असताना टुंग वाजलं. अंधाऱ्या खोलीत तेवढा पडदाच उजळला होता.

'घरचे माणूस येऊ पाहत आहे. येऊ द्यायचे का?'

वायफाय बंद होतं. येणारं येणार कशातून? तो काडेपेटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. उघड्या दारातून सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास येत होता. त्याच्या तोंडातून निघून गेलं, "कोण? मंगल?"

वर्षभरात तिचं नाव त्यानं या घरात मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आपलाच आवाज त्याला परका वाटला. चौकट तशीच राहिली. त्यानं नाही दाबलं.

पुढच्या दिवशी चौकटीत लिहिलं होतं,

'मंगल येऊ पाहत आहे. येऊ द्यायचे का?'

परशराम खुर्चीवर बसला. डोकं चालत होतं. नाव आपणच काल बोललो. आपण बोललो म्हणून आज ते आलं. आपण बोललो नसतो तर? कॉम्प्युटरला ऐकायचा कान नाही, हे सौरवनंच सांगितलं होतं. पण कोणीतरी ऐकलं होतं.

आणि आणखी एक गोष्ट होती. मंगल हे सासरचं नाव. लग्नात त्याच्या आईनं ठेवलेलं. तिचं माहेरचं नाव बायाक्का. दोघंच असताना तो तिला याच नावानं हाक मारायचा, आणि सासूला कळेल म्हणून ती तोंडाला पदर लावून हसायची. हे फक्त तिला माहीत.

"मी तुला काय म्हणत होतो?" त्यानं विचारलं. "ते सांग. मग ये."

नाही दाबून तो उठला. दुसऱ्या दिवशी माग बंद करून, दिवा लावून तो टेबलापाशी बसला.

'मंगल येऊ पाहत आहे. येऊ द्यायचे का?'

तेच. याला ते नाव माहीत नव्हतं. म्हणजे ही ती नव्हे. इतकं सरळ होतं ते. त्यानं बोट नाहीवर नेलं.

तेवढ्यात समोरच्या पायरीवरून राजाबाईंचा आवाज आला. त्या पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"परशराम, अरं त्या बाईला आत तरी घे की. कवापासनं दारात उभारलीय."

परशरामनं वळून बघितलं. दार उघडं होतं. उंबऱ्यात कोणी नव्हतं. गल्लीतला उजेड थेट आत येत होता.

"कोण बाई राजाक्का?"

"मला काय म्हाईत? तुझ्याकडं तोंड करून उभारलीय. मला पाठच दिसतीय न्हवं." मग चिडून म्हणाल्या, "दिवा लावायच्या वक्ताला बाईमाणसाला असं उभं करत्यात व्हय रं? मंगल असती तर चार शिव्या दिल्या असत्या तुला."

देवापुढचा दिवा नुकताच लागला होता. ज्योत दाराकडं वाकली होती, वारा नसताना.

ही मंगल नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. तरीही त्यानं होय दाबलं.

चौकट मिटली.

"गेली वाटतं आत," राजाबाई म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

त्यानंतर कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही. परशरामला वर्षात पहिल्यांदाच गाढ झोप लागू लागली. घरात कोणीतरी आहे, एवढंच त्याला जाणवायचं. तो एका खोलीतून दुसरीत गेला की पहिली रिकामी वाटायची नाही. एकदा स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं हळूच हाक मारली, "बायाक्का." ओ आली नाही. कोणीतरी मात्र ऐकत होतं. त्यानंतर त्यानं ते नाव पुन्हा घेतलं नाही.

प्रियदर्शनी आली. जावई विक्रम तिला सोडून त्याच रात्रीच्या बसनं परतला. पोर बापाच्या गळ्यात पडली, आईच्या फोटोपुढं रडली, मग जेवली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरवर कामाला लागली.

"कुठला घेतला शेवटी? विचारणारा?"

"आता काय विचारत न्हाय," परशराम म्हणाला.

ती काम करताना सारखी मागं वळून बघायची. "आप्पा, तुम्ही मागं उभारलाय काय वो?"

तो मागांवर असायचा.

राजाबाई रोज येऊन तिच्या पायांना तेल लावायच्या. बाळ लई दांडगं आहे, आतूनच माग चालवतंय, म्हणून हसवायच्या. बेंगळूरची शेवटची तपासणी चांगली होती. सगळं सुरळीत होतं. परशरामची काळजी तरी उतरेना. लेक खोलीत एकटी असली की तो काहीतरी निमित्त काढून तिथंच घुटमळायचा.

एका दुपारी ती कामावरून उठून भिंतीला धरून आली. "आप्पा, आज सकाळपासनं हाललं न्हाय वो."

"झोपलं असंल."

"एवढा वेळ झोपत न्हाय ते."

राजाबाईंनी तिला डाव्या कुशीवर निजवलं, गूळ-पाणी दिलं, पोटावर हात ठेवून वाट बघितली. त्यांचं बोलणं हळूहळू कमी झालं. मग त्या बाहेर येऊन परशरामला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव. दवाखान्यात न्हेऊया."

त्यानं रिक्षावाल्याला फोन केला. तो पिरनवाडीहून निघाला होता. परशरामनं आत जाऊन माग बंद केले. दिवेलागण झाली होती, पण त्यासाठी नव्हे. लेकीची हाक आली तर ऐकू यावी म्हणून.

खटखट थांबली.

टुंग.

तो टेबलापाशी गेला.

'मंगल बाहेर जाऊ पाहत आहे. सोबत एक. जाऊ द्यायचे का?'

पुढचं दार उघडं होतं. दिवा अजून लावला नव्हता. आतल्या खोलीत राजाबाई देवाचं नाव घेत होत्या.

परशरामनं नाही दाबलं. बोट दुखेपर्यंत दाबून धरलं.

'अडवले,' असं आलं. 'कोणीही बाहेर गेले नाही.'

आतून लेक ओरडली, "आप्पा! हाललं! राजाक्का, हाललं बघा!"

दाराला धरून तो आत गेला. राजाबाई डोळे पुसत हसत होत्या. प्रियदर्शनी उशीला टेकून बसली होती, एक तळवा बेंबीच्या वर ठेवून. घामेजलेल्या तोंडावर हसू होतं.

"लई भिववलं की वो यानं," ती म्हणाली.

मग ती थांबली. दुसरा तळवा तिनं खाली, कुशीजवळ ठेवला.

"आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर एकच हाय म्हणालेते न्हवं?"

आतून बसणाऱ्या धक्क्यांनी तिचे दोन्ही हात आळीपाळीनं, हळूच वर येत होते.