अकराव्या रकान्यातली खूण

चपलेचा अंगठा तुटला नसता, तर मी त्या दुकानात शिरलेच नसते. बाहेर पावसाची भुरभुर होती, फुटपाथ निसरडा झाला होता, आणि एक चप्पल हातात धरून लंगडत चाललेली मी... लोक वळून वळून बघत होते. समोर सोफ्यांचं दुकान दिसलं. मी आत गेले आणि दाराजवळच्या पहिल्याच सोफ्यावर टेकले.

आतून तो आला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, केसांत फोमचा पांढरा भुगा. त्यानं माझ्या तोंडाकडे न बघता आधी चपलेकडे बघितलं.

"सोफा हवाय की चप्पल?"

"दोन मिनिटं बसायला जागा हवीय."

"मग बरोबर ठिकाणी आलात. आम्ही बसायची जागाच विकतो." त्यानं हात पुढे केला. "द्या इकडे."

सोफ्याला कापड ठोकायची पिनांची बंदूक त्यानं उचलली आणि खट् खट् – दोन पिनांत अंगठा जागेवर बसवला. चप्पल खाली ठेवताना म्हणाला, "एक विचारू? तुम्ही मघापासून छताकडे का बघताय?"

"सवय आहे."

"छताची?"

"वायरींची. ती पिवळी वायर कुठून निघून कुठे गेलीय, कळत नाहीये."

त्यानं मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि खिन्नपणे म्हणाला, "मलाही. आणि मी उगाच समजत होतो, की माझ्याकडे बघायला लाजताय."

घरी पोहोचेपर्यंत मी तीनदा हसले. तेही रस्त्यात. एकटीच.

तीन आठवड्यांनी साहेबांनी माझ्या टेबलावर एक फाईल टाकली. दुकानं, कारखाने, गोदामं बघायची; आग कुठून लागू शकेल, लागली तर माणसं कुठून बाहेर पडतील, हे तपासायचं; काय बदलायला हवं ते लिहायचं – हे माझं काम. आमचा अहवाल असल्याशिवाय विमा कंपनी पॉलिसी पुढे चालू करत नसे. फाईलवरचा पत्ता त्या सोफ्याच्या दुकानाचा होता. ओळखीचं ठिकाण असेल, तर फाईल दुसऱ्याकडे द्यायची, असा आमच्याकडे नियम. चपलेच्या दोन पिना म्हणजे काही ओळख नव्हे, असं मी स्वतःला बजावलं.

खाली दुकान, वर कारखाना. मालक दोन भाऊ. कामगार त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायचे. पिना मारणारा तो धाकटा. वर चौदा माणसं काम करत होती. फोमच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या. चिकटवायच्या सोल्युशनचे डबे उघडे, वासानं डोकं जड व्हायचं. विजेच्या एकाच बोर्डात पाच प्लग खुपसलेले. आग विझवायच्या सिलिंडरवर कुणाचा तरी रेनकोट वाळत घातलेला. पुढे एक लाकडी जिना, मागे लोखंडी दार आणि त्यापलीकडे उतरायला लोखंडी जिना. त्या दारासमोर फोम आणि दाराला हे एवढं कुलूप.

"दोनदा कापडाचे तागे चोरीला गेलेत त्या दारातून," थोरले म्हणाले. "किल्ली माझ्या खिशात असते. आणि मी इथेच असतो."

"जेवायला जाता तेव्हा?"

"मॅडम, आग काय माझी जेवायची वेळ बघून लागणार आहे?"

"नाही ना. तेच म्हणतेय मी."

त्यांच्या पाठीमागे धाकटा तोंडावर हात धरून उभा होता. खांदे मात्र हलत होते.

मी अकरा दोष लिहिले. त्यानं यादी वाचली, परत वाचली. "अकरा? मुलीकडचे लोक मला बघायला आले होते, त्यांनीसुद्धा एवढे काढले नव्हते."

"काढायला हवे होते."

तिथून सुरू झालं. दर दोन-तीन दिवसांनी फोन. "मॅडम, दोन नंबर झाला. येऊन बघून जा."

"फोटो पाठवा."

"फोटोत वास येतो का? डब्यांना घट्ट झाकणं बसवलीत. वास येत नाहीये, याची खात्री कोण करणार?"

मी जायचे. खात्री करायचे. वायरिंग नवं झालं, बोर्ड वाढले, फोम निम्मा खालच्या खोलीत गेला, सिलिंडर भिंतीवर चढले. प्रत्येक वेळी तो शाळेतल्या पोरासारखा वही पुढे धरायचा आणि मी त्याच्यासमोर खूण करायचे. कारखान्यात एक मावशी होत्या. बावीस वर्षं मशीनवर बसून गाद्यांची कव्हरं शिवत होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, पण नजर त्याच्या वरून. एकदा त्या म्हणाल्या, "धाकटे, दोष संपत आले हो. आता बाईंना बोलवायला काय कारण काढणार?"

तो कानापर्यंत लाल झाला. मी वहीत काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं कुणास ठाऊक.

मग मी सगळ्यांना बाहेर पडायचा सराव दिला. त्या दिवसापुरतं थोरल्यांनी मागचं दार उघडून दिलं होतं. "धूर भरला की डोळ्यांचा उपयोग नाही," मी सांगितलं. "डोळे मिटा. खाली वाका. उजवा हात भिंतीला. पुढच्या जिन्यात धूर असेल, तर तिकडे धावू नका. भिंत सोडायची नाही, थेट मागच्या दारापर्यंत जायचं."

एकेक जण गेला. मावशी पहिल्यांदा मध्येच थांबल्या, म्हणाल्या, "मला परत करू द्या." चार वेळा केलं त्यांनी, अगदी बिनचूक होईपर्यंत. शेवटी तो निघाला. वाकलेला, डोळे गच्च मिटलेले, हात भिंतीवरून सरकत येतोय... मी दाराशी भिंतीला टेकून उभी होते. त्याचा हात माझ्या हातावर आला आणि थांबला.

"ही भिंत नाहीये," मी हळूच म्हणाले.

"माहितीये." थोडं थांबून – "डोळे उघडू?"

"नको."

त्या संध्याकाळी बसस्टॉपवर तो म्हणाला, "अहवालात बारावा दोष राहिलाय तुझा." मी केव्हा त्याची 'तू' झाले, ते मला कळलंही नव्हतं. "लिही. मालकाचा धाकटा भाऊ. ताबडतोब हलवावा."

"कुठे हलवावा?"

"तुझ्या घरी."

बस आली. मी तिच्यात चढले नाही. पुढचीतही नाही.

अकरावा रकाना तेवढा राहिला होता. सराव संपला त्याच दिवशी थोरल्यांनी मागच्या दाराला पुन्हा कुलूप घातलं होतं. अहवाल द्यायची मुदत शुक्रवारी संपत होती. एका हॉटेलच्या खुर्च्यांची मोठी ऑर्डर त्यांच्याकडे आली होती. विमा नसेल, तर ती जाणार होती. शुक्रवारी ऑफिस सुटायच्या वेळी तो आमच्या जिन्यात येऊन उभा राहिला.

"दादा ऐकत नाहीये. पण सोमवारी मी ते दार उघडतो. कुलूप तोडून उघडतो. माझा शब्द."

"रकान्यात 'प्रत्यक्ष पाहिले' असं छापलेलं असतं."

"माझ्या डोळ्यांनी बघ ना." तो हसला नाही. "चौदा घरं आहेत गं त्या ऑर्डरवर. दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

आठ वर्षांत मी न बघता एकही खूण केली नव्हती. ती केली. पेन उचललं, टेकवलं, झालं. एवढंसं काम.

सोमवारी त्यानं खरंच कुलूप तोडलं. फोटो पाठवला – उघडं दार, आत आलेलं ऊन, तळहातावर तुटलेलं कुलूप. मी त्याच दिवशी जाऊन बघायला हवं होतं. पण संध्याकाळी तो आईला भेटायला येणार होता आणि मला पडदे धुवायचे होते. आईला तो आवडला. जाताना त्यानं आमची डुगडुगणारी खुर्ची ठोकून दिली. आई म्हणाली, "मुलगा कामाचा आहे." आमच्या घरात याहून मोठी तारीफ नसते. तारीख ठरवायची बोलणी सुरू झाली. मी कारखान्यात जायचं बंद केलं. आता घरचीच होणार म्हणून थोडा संकोच, आणि फाईलही बंद झालेली.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी सव्वातीनला, ऑर्डरसाठी जास्तीची लावलेली दोन मशीनं एका बोर्डावर तापली आणि ठिणगी पडली. फोमनं पेट घ्यायला वेळ लागला नाही. बाराजण पुढच्या जिन्यानं धडपडत खाली आले. कटिंगचे मास्तर आणि मावशी खिडकीकडच्या टोकाला होते. त्यांना जिना दिसेना. मग मावशींनी मास्तरांचा हात धरला आणि मी शिकवलं होतं तेच केलं. खाली वाकल्या, उजवा हात भिंतीला लावला आणि एकदाही न चुकता मागच्या दारापर्यंत पोहोचल्या.

दारासमोर फोम होता. तो त्यांनी हातांनी ओढून काढला. मागे दाराला नवं कुलूप होतं.

अग्निशमनवाल्यांनी दार बाहेरून तोडलं, तेव्हा दोघांत धुगधुगी होती. मास्तर महिन्याभरात उठले. मावशींचे दोन्ही तळहात तापलेल्या कडीला चिकटून गेले होते, आणि धुरानं छाती कायमची गेली.

त्या बोलायला लागल्या, त्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी बसले होते. बँडेजांतले हात चादरीवर ठेवलेले. एकेक शब्दाला दम लागत होता. "बाई... तुम्ही सांगितलं तसंच केलं हो मी. भिंत सोडली नाही." त्या माझ्याकडे बघत होत्या, चूक झाली का हे विचारल्यासारख्या. "मला वाटलं, मीच वाट चुकले... दुसऱ्याच दाराशी आले."

मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये तो बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला बघून उठला.

"चौकशीत मी सांगणार आहे," तो घाईघाईनं बोलू लागला. "तू तपासायला आलीस तेव्हा दार उघडं होतं. तू पाहिलंस, मग खूण केलीस. दादानं नंतर कुलूप लावलं. तुझ्यावर काही येणार नाही. मी सगळा विचार केलाय."

"नवं कुलूप केव्हा लागलं?"

तो परत बाकावर बसला.

"तुला माहीत होतं?"

"ऑर्डर संपेपर्यंतच..." त्याचा आवाज बसला होता. "दादाशी रोज भांडत होतो मी. तुला सांगितलं असतं, तर तू फाईल उघडली असतीस. लग्न तोंडावर आलेलं. मला वाटलं, तीन आठवडे... तीन आठवड्यांत काय होतंय..."

रोज रात्री जेवणात काय होतं, इथपासून मला सांगणारा हा माणूस. हे एवढंच सांगायचं राहून गेलं होतं. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घ्यावंसं वाटलं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. कारण पेन माझ्या हातात होतं, त्याच्या नाही.

चौकशीत माझी पाळी त्याच्या आधी होती. अधिकाऱ्यांनी अहवाल पुढे सरकवला. "ही खूण तुमची?"

"माझी."

"दार उघडं असल्याचं तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं होतं?"

"नाही. त्या दिवशी दार बंद होतं. मला ते माहीत होतं. मी एका माणसाच्या शब्दावर खूण केली."

साहेब मान खाली घालून बसले होते. मी सगळं सांगितलं – ओळख, फाईल, शुक्रवार. माझा परवाना त्याच आठवड्यात गेला. थोरल्यांवर आणि त्याच्यावर खटला उभा राहिला. त्यानं जे सांगायचं ठरवलं होतं, त्याला आता काही अर्थच उरला नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर तो माझी वाट बघत थांबला होता.

"तू खोटं बोलली असतीस, तर आपण वाचलो असतो."

"हो," मी म्हणाले. "आपण दोघंच."

त्यानं तोंड फिरवलं. तसंच विचारलं, "प्रेम होतं ना गं तुझं? की तेही..."

"आहे."

"मग?"

त्याच्या शेजारी झोपायचं, सकाळी त्याला चहा द्यायचा, हसायचं... आणि दोघांपैकी कुणीही कधीही ते कुलूप बोलून दाखवायचं नाही. किंवा रोज बोलून दाखवायचं. मी दोन्ही करून बघितलं, मनातल्या मनात, तिथेच पायऱ्यांवर उभी राहून. जमलं नाही.

"मावशींना दर गुरुवारी दवाखान्यात न्यावं लागतं," मी म्हणाले. "मी नेते. तू येऊ नकोस."

"त्यांनी सांगितलं का?"

"नाही. मी सांगतेय."

तो मान हलवून पायऱ्या उतरला. वाहनांच्या गर्दीत रस्ता ओलांडताना एकदा थबकला. मला वाटलं, वळेल. सिग्नल सुटला आणि तो गेला.

थोरल्यांना शिक्षा झाली. त्याला त्याहून कमी, पण झाली. सुटल्यावर वहिनी आणि तिच्या मुलांना घेऊन तो दुसऱ्या गावी गेला, इतकंच साहेबांकडून कळलं. मी आता एका कापड दुकानात बिलं करते. आईनं ठरलेली तारीख कॅलेंडरवर कधी लिहिली होती आणि कधी खोडली, मी विचारलं नाही.

गुरुवारी मात्र सुट्टी घेते. रिक्षात मावशी माझा आधार घेऊन बसतात. त्यांची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत, म्हणून चष्मा मी त्यांच्या डोळ्यांवर चढवते. अर्ध्या वाटेवर, दम लागत असतानाही, त्या दर वेळी विचारतात, "आणि धाकटे कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणते.

मला ठाऊक नसतं. त्या समाधानानं मान हलवतात आणि बाहेर बघत बसतात.