केनवडच्या भोंग्याचे वीस मिनिटं

"बारा धाले आग लागली, बारा पंधराले तू गेटाबाहेर पडला. अन म्हनतं, धूर दिसला नाही?"

मुकादम रतनसिंग हा जगदेव मजुराच्या अंगावर धावून जाऊन राह्यला होता. रतनसिंगच्या उजव्या हाताले पट्टी. केनवडच्या जिनिंगातली कापसाची गंजी काल दुपारी जळाली. ती विझवतानी हात भाजला म्हनून मालकानं त्याले शाबासकी देल्ली होती.

"नव्हताच धूर, तं काय सांगू?" जगदेवनं त्याले ढकललं. चार महिन्याची नोकरी गेल्यातच जमा होती. आता बेडीही पडनार होती.

चौकशीले तालुक्याहून आलेल्या दौलतराव जमादारानं दोघाले वेगळं बसवलं. ठाण्याच्या वहीत आगीचा फोन बारा धाचा. जाळ दिसल्याबरोबर मालकानंच केलेला. गेटावरच्या चिठ्ठ्या पाह्यल्या. जगदेव, अर्धी सुट्टी, बारा पंधरा. रतनसिंग, दवाखाना, बारा अठ्ठावीस. बाकी सारेजन तवा आत जेवत होते.

जमादाराले बसवेना. डोक्यात सकाळची एसटी घुमून राह्यली होती. गाडी येळेवर आली, तरी स्टँडावर लोक कंडक्टरले बोलत होते का रोज वीस मिनिटं लेट आनतं.

तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. जमादारानं मनगट पाह्यलं. रेडिओच्या टायमावर लावलेलं घड्याळ. अकरा चाळीस.

तो तडक गेटावर, चौकीदार गोविंदाकडं गेला. दाराशी टोपल्यात माचिसा पडल्या होत्या. झडती घेऊन मजुराजवळच्या माचिसा रतनसिंगच काढून घे.

"गोविंदा, हे भिंतीवरचं घड्याळ कायच्यावर लावतं?"

"भोंग्यावर, साहेब. रोज सकाळी."

भोंगा ग्यानबा फिटर वाजवे. त्याले बोलावलं. तो आपल्या हातावरचं घड्याळ पाहून वाजवे.

"अन ते कायच्यावर लावतं?"

"ह्याच गेटावरच्या."

जमादारानं साऱ्याले गोया केलं. "ग्यानबाचं घड्याळ रोज जरासं पुढं पयते. त्याच्यावर भोंगा, भोंग्यावर गेट, अन गेटावर परत ग्यानबा. चूक धरनारं कोनी नाही. असे वीस मिनिटं पुढं गेले तुमी. ठाण्याचा टाइम रेडिओचा. म्हंजे जगदेव गेला तवा खरे अकरा पंचावन. आग त्याच्या मागून पंधरा मिनिटानं दिसली."

"अन मुकादम?" मालकानं इचारलं.

"त्याचे बारा अठ्ठावीस म्हंजे बारा आठ. आग दिसाच्या दोन मिनिटं आंधी हा भाजलेला हात घेऊन बाहेर. विझवली कवा त्यानं? गोविंदा, तो गेला तवा धूर होता?"

"नव्हता, साहेब."

"मंग बोलला काहून नाही?"

"चिठ्ठीवर टाइम होता ना. मले कोन इचारते?"

रतनसिंगनं कबूल केलं. त्याचीच बिडी गंजीत पडली होती. हातानं दाबली, इझली वाटली, अन निघाला.

जगदेवनं हात पुढं केला. "माही माचिस दे, मुकादम."

जमादारानं रतनसिंगचा दंड धरला. "चाल. मले आता निघा लागते. एसटीले तुमचा भोंगा आयकू येत नाही."