निळ्या पावाचा पहिला घास

फौजदार उपाशी होता, आणि तेही डॉक्टरच्या हुकमावरून. रक्त तपासायचं होतं. आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. प्रयोगशाळेत पोचला तर रक्त काढणारा जेवायला गेलेला. दिवसभर उपाशी माणसांची रक्तं काढून त्या बिचाऱ्याला भूक लागली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, चोरी!" पलीकडे पावाच्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. "पिंजरा साफ केलाय. एक पाव ठेवला नाही. लगेच या."

फौजदाराने फोन खिशात घातला आणि कारखान्याचा भोंगा वाजला. पहिली पाळी सुटली. अख्ख्या गावाला ऐकू जाणारा तो भोंगा फौजदाराला मात्र आपल्याच पोटातून आल्यासारखा वाटला. त्याने मोटरसायकलला लाथ मारली.

कारखान्याच्या आधी कारखान्याचा वास रस्त्यावर येऊन उभा होता. ताजा, गरम, भाजका. फौजदाराने श्वास रोखून फाटक ओलांडलं.

मागच्या अंगणात एक लोखंडी पिंजरा होता. रिकामा. वर पाटी: धोका, विष. व्यवस्थापक शेजारी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग सरळ, उजवा हात खिशात.

"काय गेलं?"

"पाव."

"किमतीचा अंदाज?"

"शून्य. कालचा माल होता. कालचा माल म्हणजे कचरा."

"म्हणजे कचरा चोरीला गेला."

"आमचा कचरा," व्यवस्थापकाने दुरुस्ती केली.

"कोणाला वाटून का टाकत नाही?"

"फुकट वाटला तर विकत कोण घेईल? म्हणून तर वरून निळं औषध ओततो. फरशांचं आहे. पोटात गेलं की आतडी जाळतं."

"थांबा. चोराने विष घातलेला पाव नेला, आणि तुम्ही मला पाव शोधायला बोलावलंत?"

"पाव नको मला. तक्रार नोंदवून घ्या म्हणजे झालं. आम्ही पाटी लावली होती, कुलूप होतं, हे सगळं कागदावर येऊ द्या. उद्या कोणाचं काही झालं तर आमच्यावर नको."

त्याने तिथेच अर्ज लिहून दिला, डाव्या हाताने. अक्षरं खेकड्यासारखी चारी दिशांना पळाली होती. मनगटावरचं घड्याळ दर ओळीला कागदाला घासत होतं.

फौजदार पिंजऱ्यापाशी उकिडवा बसला. भिंतीचा तळ जुन्या निळ्या डागांनी माखला होता आणि त्या डागांतच, एका फटीत, मुंग्यांनी संसार थाटला होता. चांगल्या गुबगुबीत मुंग्या. त्यांची रांग पिंजऱ्याच्या दारापर्यंत आली होती. तिथे फरशीवर आजचा ओला निळा ओघळ होता आणि त्याच्या काठावर रांग आडवी झाली होती. एकही हलत नव्हती.

"औषध कोण ओततं?"

"सफाईवाली. हात कायम निळे, म्हणून निळी मावशी म्हणतात. आज रजेवर आहे."

"मग आज कोणी ओतलं?"

"ओतलं असेल पाळीतल्या कोणीतरी," व्यवस्थापक म्हणाला आणि घड्याळ बघायला लागला.

फाटकाचा पहारेकरी तोंडावर रुमाल धरून उभा होता.

"काय झालं तोंडाला?"

"दाढ."

"पिंजऱ्याची किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"कुलूप तुटलेलं नाही. मग उघडलं कोणी?"

"कुलपाला विचारा की साहेब. ते जवळ होतं." बोलता बोलता त्याची नजर मागच्या भिंतीकडे गेली. "माझी पाळी संपलीय. जाऊ का?"

"मी सांगेपर्यंत इथून हलायचं नाही."

पहारेकऱ्याचे पाय जागच्या जागी चालायला लागले.

केक विभागात एक पोरगी केकवर नावं लिहीत होती. आठ-दहा केक ओळीने मांडलेले, सगळ्यांवर गुलाबी अक्षरं. फौजदाराने छताकडे बघत विचारलं, "सगळं गुलाबीच का?"

"निळा रंग टिकतच नाही हो, दादा. डबा आणला की आठवड्यात गायब. परवा एक बाप भांडायला आला, माझ्या मुलाला गुलाबी का? म्हटलं, खाऊन बघा, चव एकच आहे. तरी पाय आपटत गेला."

फौजदार दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. मग वळला आणि धावत सुटला. ही पोट सुटलेल्या माणसाची धाव होती, पण होती धावच.

"रुमाल काढ," तो पहारेकऱ्यावर ओरडला. "जीभ दाखव!"

जीभ बाहेर आली. शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी निळी.

पहारेकरी रडायलाच लागला. "खायचा रंग आहे साहेब! कालच्या पावाचा! केकचा रंग! मावशी औषध गटारात ओतते आणि पावावर रंगाचं पाणी शिंपडते. किती वर्षं झाली, कोणाला काही झालं नाही. आईशपथ विष नाही!"

"आज मावशी रजेवर आहे."

"माहीत आहे. म्हणून तिने बाटली माझ्याकडे भरून दिली होती. पण मी गेलो तर पाव आधीच निळा. मला वाटलं, मावशीच येऊन शिंपडून गेली..."

चेहऱ्याचा रंग उतरला. जिभेचा तेवढा राहिला.

"पाव कुठे आहे?"

"मागच्या बंद गोदामात. मशीन आल्यावर ज्यांना काढलं ती सगळी माणसं तिथेच राहतात. भोंगा झाला की मी पिंजरा उघडतो, ते गाडा घेऊन येतात. साहेब, माझी बायको आहे तिथे. दोन पोरी आहेत."

"खायला बसले असतील?"

"शेवटच्याच्या हातात पाव पडेपर्यंत कोणी तोंडाला लावत नाही. मावशीचा नियम आहे. शेवटचा मी असतो."

"आणि तुला मी इथे धरून ठेवलाय," फौजदार म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या अडेलतट्टूपणाचा आनंद झाला. "म्हणजे अजून कोणी—"

"पण पहिला घास मावशीचा असतो, तो कोणासाठी थांबत नाही. सगळ्यांसमोर. विष नाही हे दाखवायला."

मागे पहारेकरी, आणि मोटरसायकल दोन वळणांवर पडता पडता वाचली.

गोदामात एवढी माणसं होती आणि आवाज नव्हता. सगळे ओळीत मांडी घालून बसलेले. प्रत्येकाच्या हातात निळा पाव. समोर एका बाईच्या मांडीवर मावशीचं डोकं होतं. ओठ निळे, ओठांच्या कडेला फेस. चावलेला पाव लांब भिरकावलेला.

"तोंडात घेतला आणि ओरडली," बाई म्हणाली. "कडू आहे, टाका, टाका म्हणून. थुंकली. पण थोडा गेलाच आत."

पहारेकऱ्याने बायकोकडे बघितलं, पोरींकडे बघितलं. दोघींच्या हातातले पाव अख्खे होते.

कोणी खाल्लं नव्हतं. पण कोणी टाकलंही नव्हतं.

"साहेब," पुढच्या ओळीतला म्हातारा म्हणाला, "वरचं निळं खरवडून आतलं खाल्लं तर?"

"नाही, आजोबा."

"कडेकडेचं?"

"नाही."

"मी धुऊन बघितला," मागून एक बाई म्हणाली. तिच्या हातात लगदा होता. "उतरत नाही मेला रंग."

फौजदाराने एक पोतं घेतलं आणि ओळीने फिरला. नोकरीत त्याने दरोडेखोरांच्या हातून कोयते काढून घेतले होते. ते इतके घट्ट धरलेले नसत. पहारेकऱ्याच्या धाकटीने पाव पाठीमागे लपवला आणि म्हणाली, "मी खाणार नाही. नुसता धरते." तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

रुग्णवाहिका आली. मावशीला उचलताना तिने फौजदाराची बाही धरली. आवाज घशातच खरवडला जात होता.

"रजा मी मागितलीच नव्हती," ती म्हणाली. "त्यांनीच दिली. पहिल्यांदाच. म्हटलं, पाझर फुटला माणसाला."

व्यवस्थापकाच्या खोलीत पंखा फिरत होता. दारात पहारेकरी आणि केकवाली पोरगी उभी राहिली.

"चोर सापडला?" व्यवस्थापकाने विचारलं.

"सापडला. पण आधी तुमच्या मुंग्यांबद्दल बोलू," फौजदार खुर्ची ओढत म्हणाला. "पिंजऱ्यामागच्या निळ्या डागांत त्या सुखाने नांदताहेत. विषात कोणी घर बांधत नाही. म्हणजे आजवरचं निळं विष नव्हतं. आजचं मात्र होतं. तिथे त्या मेल्या. रोजचं निळं काय, ते हिच्या केकांनी सांगितलं. मावशी तुमचं औषध फेकून खायचा रंग ओतत होती आणि लोक पाव खात होते. निळा म्हणजे आपला, हे पोरांनासुद्धा पाठ झालं होतं. आज कोणीतरी खरं औषध ओतलं. रंग तोच. प्रश्न एवढाच, की कोणी?"

"पाळीतल्या..."

"तुम्ही मला फोन केलात, पिंजरा साफ झाला म्हणालात. मी फोन ठेवला, मग भोंगा वाजला. पिंजरा उघडतो भोंग्यानंतर. चोरी व्हायच्या आधी तुम्ही चोरीची तक्रार केलीत, साहेब. इतका तत्पर नागरिक मी बघितला नाही."

व्यवस्थापक हसला. हसू एका बाजूनेच आलं.

"माणसं मरायच्या आधी कागद तयार हवा होता तुम्हाला. चोरी त्यांनी केली, पाटी आम्ही लावली होती, मिटलं. फक्त अर्ज डाव्या हाताने लिहिलात. डावरा माणूस घड्याळ सहसा उजव्या मनगटावर बांधतो. तुमचं डाव्या मनगटावर आहे आणि अक्षर पहिलीतल्या पोराचं. उजवा हात काढा खिशातून."

पंखा तेवढा फिरत राहिला.

"काढा!"

हात बाहेर आला. मनगटापर्यंत निळा.

"धुतला असेल तुम्ही," फौजदार म्हणाला. "उतरत नाही. तिकडे एक बाई पाव धूत होती, तिने सांगितलं मला."

व्यवस्थापक आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो कोणीतरी टेबलावर विसरून गेलं होतं.

"एका पोराची जीभ बघितली मी," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा कळलं. माझ्या पाटीसमोर उभा राहून हसत होता. त्यांची भीतीच मेली होती हो! वरचे साहेब मला रोज विचारतात, शेजारी एवढी उपाशी वस्ती आणि तुमचा पाव का खपत नाही? मला वाटलं, थोडी पोटं दुखतील. एकदा पोट दुखलं की परत हात लावणार नाहीत."

"पोटं दुखतच होती," दारातून पहारेकरी म्हणाला. "म्हणून तर नेत होतो."

शिपायांनी व्यवस्थापकाला उठवलं. फौजदार खिडकीतून खाली बघत होता. खाली ताज्या पावाचे ट्रे छताला टेकले होते.

"हा कधीचा माल?"

"आजचा," व्यवस्थापक म्हणाला.

"उद्या उरेल त्याचं काय होतं?"

"उद्या तो कालचा होतो."

"म्हणजे कचरा."

"नियमाप्रमाणे."

"मग उद्याचा कचरा मी आजच जप्त करतो," फौजदार म्हणाला. "मुद्देमाल. नाशवंत आहे, ठाण्यात ठेवायला जागा नाही. मागच्या गोदामात ठेवू."

संध्याकाळी गाडा गोदामात गेला. पाव वाटले गेले. ओळी तशाच, माणसं तशीच, आणि पुन्हा आवाज नाही. फौजदार कोपऱ्यात पंचनामा लिहीत बसला होता. बऱ्याच वेळाने त्याला जाणवलं की अजून कोणी खात नाहीये.

"काय झालं?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं. "सगळ्यांना मिळाला ना?"

"मिळाला. पण पांढरा आहे, साहेब."

"मग?"

"पांढरा कोणी ओळखत नाही इथे. आणि पहिला घास मावशीचा असतो."

मावशी दवाखान्यात होती. सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, असा निरोप होता.

धाकटी ओळीतून उठली. दोन्ही हातांत पाव धरून फौजदारासमोर येऊन उभी राहिली. कारखान्यात पाव भाजणारा कोण, ओतणारा कोण, आणखी कोणाच्या खिशात कसला हात, त्याला काही माहीत नव्हतं. दुपारी याच पोरीची बोटं त्याने सोडवली होती. आता सगळी वस्ती त्याच्या गळ्याकडे बघत होती.

त्याने घास घेतला. चावला. गिळला.

"कडू आहे?" पोरीने विचारलं.

फौजदाराने जीभ दातांवरून फिरवली.

"नाही," तो म्हणाला. "पण थांबा. मावशी किती वेळ थांबायची?"

"सगळ्यांकडे एकदा बघेपर्यंत."

फौजदार बघायला लागला. पहिल्या ओळीपासून, एकेका तोंडाकडे.