तीन नंबरचा इंजेक्टर

दातांच्या डॉक्टरांची गाडी पहिल्यांदा बंद पडली ती थेट गॅरेजच्या दारात. तो योगायोग होता. पुढच्या तीन वेळांबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

"मिसिंग आहे," बॉनेटखालून आवाज आला. मागोमाग गॅरेजमालकाची मुलगी वर आली. गालावर ऑइलचा पट्टा, हातात पाना. "चारांतला एक सिलिंडर संपावर गेलाय."

तिने चारही इंजेक्टर काढून तपासणीच्या टेबलावर, चार काचनळ्यांच्या वर बसवले. बटण दाबलं. तीन इंजेक्टरांनी धुक्यासारखा फवारा सोडला. तीन नंबरचा मात्र नुसता ठिबकत होता.

"बघा डॉक्टर. आत एक सुई असते. करंट आला की कॉइल तिला वर ओढते, भोक उघडतं, दाबाखालचं पेट्रोल सुटतं... आणि पापणी लवायच्या आत बंद! पण फवाराच हवा. थेंब पडले तर नीट पेटत नाही."

"कळलं," डॉक्टर म्हणाले. ते फवाऱ्याकडे बघत नव्हते.

इंजेक्टर साफ झाला. पुढच्या गुरुवारी गाडी परत हजर. त्याच इंजेक्टरच्या वायरचा कनेक्टर निघाला होता. तिने तो बसवला — टक्! त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

"तुमच्याकडचे रस्ते खराब आहेत का हो?"

"फार!"

"आणि खड्डे फक्त गुरुवारी पडतात?"

"...बहुतेक."

चौथ्या वेळी बाबा दारातच उभे होते. आपल्या गॅरेजमधून गेलेली गाडी त्याच तक्रारीने परत येत नाही, एवढा एकच अभिमान त्यांनी चाळीस वर्षं बाळगला होता.

"तुझा हात बिघडलाय, पोरी. उद्यापासून इंजेक्टरचं टेबल तुझा चुलतभाऊ बघेल."

तिच्या हातातला पाना थांबला. ते टेबल तिने आठ वर्षं राबून कमावलं होतं. चुलतभावाने आजवर त्याच्यावर फक्त चहाचा कप ठेवला होता. ती डॉक्टरांकडे बघत राहिली.

रोज चाळीस जणांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड उघडेना. "म्हणजे... काय आहे... तसं नाही—"

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "ठिबकू नका."

डॉक्टरांनी दीर्घ श्वास घेतला. "कनेक्टर मीच काढतो! अलीकडच्या वळणावर गाडी थांबवून! यांच्या हातात काडीची खोट नाही. मला या आवडतात, आणि गाडी बरी असली की इथे यायला कारणच उरत नाही!"

गॅरेजात कुणाचा तरी पाना पडला. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"तुला ठाऊक होतं?"

"खटका दाबल्याशिवाय तो कनेक्टर सुटत नाही, बाबा. शिवाय त्याला दवाखान्यातल्या हातमोज्यांची पावडर लागली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"निदान पक्कं करत होते." ती लाजली. ऑइलमुळे फारसं दिसलं नाही, एवढंच.

"टेबल तुझंच," बाबा म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून, "आणि तुम्ही... माझी एक दाढ हलतेय. रविवारी घरी येऊन बघा."

बाबा आत गेले. ती बॉनेटमध्ये वाकली. टक्!

"रविवारी ये," ती म्हणाली. "पण वळणावर थांबू नकोस."