ओढणाऱ्याचा वाटा

बसा रे. चहा होतोय तोवर ताटलीतले शेंगदाणे घ्या. प्रीतम, तो मोबाइल पालथा ठेव. अक्षदा, दार लोटून घे, वारा येतोय. ही गोष्ट कुठली ऐकीव नाही हां. समोरच्या फ्लॅटमध्ये नंदकुमार राहायचा, मालवणचा, इथं आखातात एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. त्याच्यावर गुदरलेलं सांगतोय.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, दुसरा शुक्रवार. सकाळी सातला नंदकुमार पाव किलो कोळंबी आणि गरीची, म्हणजे गळाची, दोरी घेऊन निघाला. काम एकच, पालू मासा धरून आणायचा. त्याची आई कुसुमताई दोन महिने इथं होती, आणि शनिवारी सकाळच्या विमानानं परत जाणार होती. हृदयाचं दुखणं. डॉक्टरनं बजावलं होतं, हा शेवटचा प्रवास. आणि दोन महिन्यांत म्हातारीनं मासळीला हात लावला नव्हता. "बर्फातलो मासो माका नको," म्हणायची आणि डाळभात चिवडत बसायची. जन्म समुद्रावर गेलेली बाई! लेकाला ते बघवेना. स्वतः धरलेला एक ताजा पालू जाण्याआधी तिच्या पानात पडावा, एवढंच त्याला हवं होतं.

बनेद अल-गारला समुद्राकाठच्या दगडांवर जाऊन बसला. मोसम पालूचाच, इथं त्याला शेम म्हणतात. पण नशीब बघा! पहिली गरी दगडात अडकून तुटली. दुसरीवरची कोळंबी खेकड्यानं खाल्ली. तिसरीला लागला केंड, न खाण्यातला मासा, तो हातात फुगून बसला. दुपारी वारा सुटला, दोरीचा गुंता झाला, तो सोडवण्यात तास गेला. शेजारचा मिसरी अरब मात्र एकामागून एक शेम काढतोय. त्याच्याकडून एक मागून न्यावा असंही मनात आलं. पण आईला खोटं कसं सांगणार? बायकोचा, संपदाचा, फोन आला, "अहो, या आता. आई वाट बघतायत." तर तिच्यावरच खेकसला. दिवसभर उपाशी, बोटं गारठलेली, बादली रिकामी.

सव्वापाचच्या सुमारास मगरिबची बांग झाली. एकेक करून सगळे उठून गेले. अंधार पडला. एकच कोळंबी उरली होती, ती लावून त्यानं दोरी फेकली.

आणि दोरी ताणली.

अशी ओढ की गडी दगडावरून घसरला. दोरी बोटांत रुतली. सुटणार, आता सुटणार... तेवढ्यात मागून कुणीतरी दोरीला हात घातला. म्हातारा होता. कमरेला पंचा, वर उघडा, त्या थंडीत! रापण ओढतात तशी, पाय रोवून मागं मागं जात त्यानं दोरी ओढली. पालू वर आला. तीन किलोचा तरी असेल.

आता रापणीची रीत ऐका. किनाऱ्यावरून ते मोठं जाळं ओढताना दोरीला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा. वाटसरू असो, पोर असो, तू कोण म्हणून विचारायचं नाही. नंदकुमारचा बाप जन्मभर रापणीवर होता. म्हणजे याला ठाऊक नव्हतं असं नाही.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. पण याच्या डोक्यात दिवसभराचा वैताग! "चाचा, एक ही है. अगली बार," म्हणाला आणि मासा बादलीत टाकून चालू पडला. अरे, अर्धा दिला असतास तर काय बिघडलं असतं, लेका?

बादली गाडीत मागच्या सीटपुढं खाली ठेवली. गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

पुढच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की वाजतं ना, ते. सीट रिकामी होती. त्यानं त्या सीटवर थाप मारली. ओली लागली.

टिंग... टिंग...

"आता हे काय नवीन!" तो ओरडलाच. मग आवाज खाली आला. "आईसाठी आहे हो. एकच आहे..."

त्यानं हात मागं घेतला.

मग... खट्.

टिंगटिंग थांबली. पट्टा लागला होता.

इथं रुमैथियात येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

घरी म्हातारी हरखली. कापायला घेतला आणि थांबली. "ह्यो एकट्यान ओढूचो मासो न्हय. दुसरो हात कोणाचो?"

त्यानं सांगितलं. सगळं. पट्ट्याचंही.

ती रागावली नाही. पालू मधोमध कापला. डोक्याकडचा भाग आपल्या स्टीलच्या ताटलीत घेतला, गावाहून आणलेल्या. शाल लपेटून खाली गेली, नंदकुमार मागं. गाडीचं पुढचं दार उघडून ताटली सीटवर ठेवली. म्हणाली, "उशीर झालो. माझो झील शिकलो, पण रीत इसारलो. ह्यो तुमचो वाटो."

त्या रात्री उरलेल्या अर्ध्याचं कालवण म्हातारी पोटभर जेवली, बोटं चाटून. नंदकुमार नुसता बघत बसला. सकाळी गाडी कुलपातच होती. आत मासा नाही. ताटलीही नाही. त्यानं सीट चाचपून पाहिली, ती मात्र निवांत मागं बसली. "येतला परत. रिकामा भांडा कोण परत करता?"

मार्चमध्ये नोकरी सोडून तो आईजवळ गेला. जाताना मला म्हणाला, "कासमचाचा, गाडी तुम्हीच ठेवा." मे महिन्यात एका मंगळवारी पहाटे त्याचा फोन आला. आई रात्री गेली. फोन ठेवला, दुकानाला जायला खाली उतरलो, गाडीचं कुलूप काढलं.

पुढची सीट ओली होती.

तिच्यावर ताटली. ताटलीत पालू... अख्खा. मे महिन्यात, बंद गाडीत. कल्ले हलत होते.

मासा मी तसाच समुद्रात नेऊन सोडला. ताटली ठेवून घेतली. आपल्याकडं बायका भांड्यावर नाव कोरून घेतात, माहीत आहे ना?

प्रीतम, ते शेंगदाणे जरा बाजूला सार.

वाच, काय नाव आहे ते.