तीन रुमालांची दोरी

या व्यवहारात मालनआत्याचा फायदा एवढाच होता, की तीन रुमाल वाळत घालण्यापुरती दोरी मिळणार होती. पण चंद्रावरच्या वस्तीत दोरीसुद्धा रॉकेटनं येते. कोठार सांभाळणाऱ्या आत्याला म्हणूनच हा फायदा घसघशीत वाटला.

आठ दिवस उपयोगात नसलेली वस्तू कोठारात जमा, असा वस्तीचा नियमच होता. आत्यानं आबांच्या यंत्रखोलीतली एक जाड केबल उपसली आणि घटकाभर वाट पाहिली. संगणकाचा एकही पडदा काळा झाला नाही.

"काहीच बंद पडलं नाही, तर मग आबांनी ती लावली कशाला?" तिच्या भाचीनं, वेणूनं विचारलं.

"वैज्ञानिकांना सगळं जास्तीचं लागतं. चष्मेही तीन आहेत त्यांना."

दुसऱ्या दिवशी झाडूराव नावाचा सफाई-रोबो यंत्रखोलीत शिरला, ऐटीत वळला आणि भाजीघरातला पाण्याचा पंप थांबला. तिथे वेणूची वांगी होती, वस्तीतली पहिली. रविवारचं भरीत त्यांच्यावरच ठरलेलं. रोपं बंद नळ्यांत वाढत होती. पंपाशिवाय मुळांना पाणी नाही, आणि वरच्या प्रखर दिव्यांखाली ती संध्याकाळपर्यंत तगली नसती.

वेणूचे आजोबा, म्हणजे आबा, एकावर एक रचलेल्या तीन पेट्यांमागे वाकले.

"हे स्विच (संगणकांना आपापसांत बोलतं करणाऱ्या पेट्या). एकीचे पोर्ट (केबल खुपसायच्या खोबणी) पुरेनात, म्हणून तीन घेतल्या. पण तीन पेट्यांचे तीन कारभार कोण बघणार? मग मागच्या खास पोर्टांतून पहिली दुसरीला जोडली, दुसरी तिसरीला. झाला स्टॅक (अनेक पेट्यांची मिळून एकच पेटी). त्यात एक मुखिया, बाकीच्या तिचं ऐकतात."

"मग बिघडलं काय?"

"झाडूरावांनी दुसरी-तिसरीमधली केबल ओढली, दुसरीची खोबणही वाकवली. पंप तिसरीवर, त्याला हुकूम देणारा संगणक पहिलीवर. मुखियाचा आवाज येईना, तशी तिसरी स्वतःच मुखिया होऊन बसली."

"अगदी आत्यासारखी."

"मला ऐकू येतंय," आत्या म्हणाली.

वेणूनं पेट्यांमागे डोकं घातलं. तिसरीची एक चांगली खोबण रिकामी होती. पहिलीचीही.

"आबा, इथे काय होतं?"

आबांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं छताकडे.

वेणू धावत गेली आणि तीन ओले रुमाल खाली टाकून केबल घेऊन आली. "ही तिसरीतून परत पहिलीत जात होती ना? म्हणजे वर्तुळ. एक बाजू तुटली, तरी निरोप उलट्या बाजूनं पोचणार."

तिनं दोन्ही टोकं खटकन बसवली. तिसरी पेटी जरा रुसली, पुन्हा सुरू झाली आणि मुखियापद सोडून मुकाट कामाला लागली. पंप घुरघुरला.

"पण मी काढली तेव्हा काहीच झालं नव्हतं," आत्या म्हणाली.

"तेव्हा दुसरी बाजू शाबूत होती," वेणू म्हणाली. "काही होऊ नये, हेच तर या केबलचं काम."

"असलं काम आमच्या नियमात बसत नाही."

"मग नियम मोठा कर."

पुढच्या रॉकेटनं नवी केबल आणि नवी पेटी येणार होती. वेणूनं लगेच आठ पेट्यांच्या वर्तुळाचं चित्र काढलं. आठव्या पेटीवर पलीकडच्या विवरातली होऊ घातलेली शाळा.

"ते छान आहे," आत्या म्हणाली, "पण माझे रुमाल?"

आबांनी शोधाशोध केली, सुस्कारा सोडला आणि ते आडोशाला गेले.

शेवटी हिशेब असा झाला: वेणूला वांगी, वस्तीला भरीत, आत्याला दोरी. भरपाई आबांनी केली, पायजम्याच्या नाडीनं. रविवारच्या पंगतीत ते एका हातानं जेवले. दुसरा कमरेवर होता. चंद्रावर पायजमा फार सावकाश घसरतो, पण घसरतो.