वॉर्ड नऊच्या हरकती

दगड खिडकीची काच फोडून आत आला तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पिठाच्या डब्यावर आपटून तो लुंबिनीच्या पायाशी थांबला.

"खाली बसा!" ऋतुजा ओरडली.

दुसरा दगड दारावर बसला. मग मोटरसायकलचा आवाज दूर गेला.

लुंबिनीचे बाबा, प्रेम, खाटेवर होते. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि भुवईवर सहा टाके होते. कोळपेठ नगरपंचायतीनं गावाचा कचरा डेपो वॉर्ड नऊमध्ये, पाण्याच्या एकुलत्या एका बोअरशेजारी आणायचं ठरवलं होतं. "लोकांना न विचारता कसं ठरलं?" असं प्रेमनी कार्यालयात जाऊन विचारलं. परतताना बसस्थानकामागे तिघांनी त्यांना लोखंडी गजांनी मारलं. त्याला दोन दिवस झाले होते.

"लुंबिनी, सामान बांध," ते म्हणाले. "संध्याकाळच्या मुखेड गाडीनं निघायचं. परत यायचं न्हाई."

"आन् घर? शाळा?"

"आधी जीव, पोरी."

लुंबिनी उठली आणि थेट बाहेर धावली. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून शेजारी मामाकडे आलेली ऋतुजा आणि तिचा अकरा वर्षांचा भाऊ शिवांश तिच्यामागे पळाले.

"अगं, दगड मारणाऱ्यांच्या मागे कुणी जातं का?" शिवांश धापा टाकत म्हणाला.

"तू घरी बस मग!"

"बसलो असतो, पण तिथंही दगड येतात!"

मोटरसायकल समाजमंदिराच्या भिंतीपाशी उभी होती. कचरा ठेकेदाराचा मुकादम भुजंग एक कागद भिंतीला चिकटवत होता. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि कागद लगेच सोलून घेतला!

"हे काय करून राहिलाय हा?" लुंबिनी कुजबुजली.

भुजंग पुढच्या भिंतीकडे गेला. कागद लावला, फोटो काढला, कागद सोलला. तिसऱ्या भिंतीपाशी तो फोनवर बोलत असताना एका शेळीनं कागदाचा खालचा कोपरा खाल्ला. कणकेच्या खळीची चव तिला आवडली असावी. भुजंगनं शेळीला लाथ घातली आणि तोच कुरतडलेला कागद चौथ्या भिंतीला लावला.

ऋतुजानं मामाच्या मोबाइलवर प्रत्येक वेळेचा फोटो घेतला, मग मोठा करून वाचला. "नोटीस आहे. कचरा डेपोबाबत जनसुनावणी. लेखी हरकती चार वाजेपर्यंत कार्यालयात द्याव्यात. लुंबिनी, तारीख आजची आहे!"

"म्हणजे नोटीस लावल्याचे फोटो फायलीत जाणार," लुंबिनी सावकाश म्हणाली, "पण वॉर्डात कुणालाच कळणार न्हाई. हरकत आलीच न्हाई म्हणून डेपो मंजूर!"

"कोण हाय रे तिकडं?" भुजंग वळला.

तिघं पळाले. शिवांशची कॉलर भुजंगच्या हातात आली. त्यानं मुलाला भिंतीवर आदळलं आणि कानाखाली मारली. शिवांशच्या नाकातून रक्त आलं. लुंबिनी माघारी फिरली, खळीची बादली उचलली आणि भुजंगच्या तोंडावर उपडी केली. तो डोळे चोळत खाली बसला.

"आता पळ!"

पावणेअकराला तिघं सिंधुमावशींच्या घंटागाडीपाशी पोचले. सिंधुमावशी कचऱ्याची गाडी चालवत. त्याही वॉर्ड नऊच्याच.

"मावशी, भोंगा पाहिजे," लुंबिनी म्हणाली.

सिंधुमावशींनी शिवांशचं नाक पाहिलं, फोटो पाहिले. "चढा," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी घंटागाडीवर नेहमीचं गाणं लागलं नाही. "आज सुनावणी! चारच्या आत हरकत लिहून द्या! वही-पेन आमच्याकडं हाय!" लुंबिनीचा आवाज गल्लीगल्लीतून फिरला. मामाच्या घरावरून जाताना शिवांशनं आपलं दप्तर गाडीत घेतलं. लोक वह्यांची पानं फाडून लिहू लागले. ज्यांना येत नव्हतं त्यांच्यासाठी ऋतुजानं लिहिलं, त्यांनी अंगठा उठवला. तीन वाजता दोनशे बारा हरकती जमल्या होत्या.

सव्वातीनला भुजंग आणि चार जण काठ्या घेऊन रस्त्यात उभे राहिले. पहिल्या काठीनं गाडीची पुढची काच फुटली. दुसरी सिंधुमावशींच्या कपाळावर बसली. मध्ये पडलेल्या, वॉर्डातल्याच म्हाताऱ्या सिद्रामप्पांना एकानं पोटात लाथ घातली आणि ते रस्त्यावर कोसळले.

"कागद काढा! न्हाईतर एकेकाचे पाय तोडतो!" भुजंग गरजला.

ऋतुजानं सीटखालून जाडजूड गठ्ठा काढून दिला. भुजंगनं एकही अक्षर न वाचता तो फाडला आणि गटारात फेकला. "जा आता, खुशाल सुनावणीला जा!" पाचही जण हसत मोटरसायकलींवरून निघून गेले.

"ऋतुताई," शिवांश म्हणाला, "तो माझा सुट्टीचा गृहपाठ होता."

"माहितीये."

"सगळाच?"

"भूगोल सोडून."

खऱ्या हरकती सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात होत्या. सिद्रामप्पांना गाडीत बसवलं. सिंधुमावशींनी डोक्याला पदर बांधला, स्टिअरिंगवरचं रक्त पुसलं आणि गाडी सुरू केली. घंटागाडी रोज नगरपंचायतीच्या आवारात जायची. फाटकावर कुणी अडवलं नाही. मागून वॉर्ड नऊ चालत आला.

चारला सात मिनिटं कमी असताना लुंबिनीनं तो निळा डबा मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. वर्षाराणी मॅडम महिन्यापूर्वीच रुजू झाल्या होत्या. त्यांच्यासमोर फाइल उघडी होती आणि भुजंग शेजारी उभा होता. त्याच्या कानामागे खळ वाळली होती.

"फाइलमध्ये सहा नोटिसांचे सहा फोटो आहेत," मॅडम म्हणाल्या.

"नोटीस एकच हाय," लुंबिनी म्हणाली. "कोपरा बघा. शेळीनं एकदाच खाल्लाय."

मॅडमनी फोटो पाहिले. पहिल्या दोनांत कोपरा शाबूत होता. पुढच्या चारांत दातांची तीच खूण होती. मग ऋतुजानं मोबाइल पुढे केला.

भुजंग खिडकीकडे सरकला. सिद्रामप्पा पोट धरून खिडकीपुढे उभे राहिले. "आता मार रे," ते म्हणाले. "मॅडमसमोर मार."

मॅडमनी पोलिसांना बोलावलं. पावणेपाचला त्यांनी भुजंगला नेलं. बसस्थानकामागे आपल्यासोबत प्रेमना मारणाऱ्या बाकी दोघांची नावं त्यानं जीपमध्ये बसण्याआधीच सांगितली.

"ही सुनावणी मी रद्द करते," मॅडम आवारात येऊन मोठ्यानं म्हणाल्या. "नोटीस नव्यानं लागेल, वॉर्डातल्या पाच जणांसमोर. वीस दिवसांनी सुनावणी होईल, तुमच्याच वॉर्डात, उघड्यावर. तोवर बोअरशेजारी खिळाही ठोकला जाणार नाही." मग त्या तिघांकडे वळल्या. "जे काम या कार्यालयाचं होतं, ते तुम्ही केलंत. आम्हाला लाज वाटली पाहिजे."

"लई धीराची पोरं हायत," सिंधुमावशी म्हणाल्या आणि शिवांशच्या सुजलेल्या नाकावरून हलकेच बोट फिरवलं.

"आई गं!" धीराचा शिवांश किंचाळला.

मॅडमनी कोरा कागद घेतला. "पाच जणांची नावं सांगा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. काठ्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. सिंधुमावशींनी हात वर केला. मग सिद्रामप्पांनी. मग मागून आणखी दोन.

"आणि पाचवं?"

फाटकापाशी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून प्रेम उभे होते. खांद्यावर प्रवासाची पिशवी होती. लुंबिनी त्यांच्याकडे पाहत राहिली. तिनं त्यांना हाक मारली नाही.

"प्रेम. वॉर्ड नऊ," ते म्हणाले.

"वीस दिवसांनी असाल ना इथं?"

त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली.

"असू की, मॅडम. आम्ही कुठं जातो?"